नवोदय निवड परीक्षा आणि वाडीवरची शाळा

जुलै महिना उजाडला, पेरण्या आटोपल्या, की माढा तालुक्यातील पाचवीच्या वर्गांत एका परीक्षेचे बोलणे सुरू होते. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाची ती निवड परीक्षा होय. पालक शाळेच्या पायरीशी येऊन विचारतात, "गुरुजी, आमच्या पोराचा फारम भरायचा का?" या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र साधे नसते. मूल कोणत्या शाळेत कोणत्या वर्षी होते, ते किती वेगाने वाचते, घरापासून दूर राहण्याची त्याची तयारी आहे किंवा नाही, अशा अनेक गोष्टी या उत्तरात गुंतलेल्या असतात. त्यांतील पुष्कळशा गोष्टी जुलै महिन्यात नव्हे, तर त्याच्या दोन वर्षे आधी ठरून गेलेल्या असतात. ही बाब शिक्षकांच्या ध्यानी वेळीच यावी, या हेतूने या परीक्षेचे स्वरूप व तिची पूर्वतयारी यांचा विचार येथे केला आहे.

परीक्षा कशासाठी

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी विद्यालय असावे अशी कल्पना मांडली. तत्पूर्वी १९८५-८६ मध्ये अशी दोन विद्यालये प्रयोगादाखल निघाली होती. एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे आपल्या महाराष्ट्रात अमरावती येथे. सोलापूर जिल्ह्याचे विद्यालय मोहोळ तालुक्यातील पोखरापूर येथे आहे. सहावी ते बारावीपर्यंतचे शिक्षण, निवास, भोजन, गणवेश व पाठ्यपुस्तके यांची सोय तेथे होते. नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विकास निधी घेतला जातो. मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तोही माफ आहे.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलांना प्रवेश मिळतो. जिल्ह्यात तालुके ११. या एका आकड्यातच सगळी अडचण सामावलेली आहे. ८० पैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण मुलांसाठी असतात व एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींसाठी असतात. परीक्षेस बसण्याची संधी आयुष्यात एकदाच मिळते. पाचवीत पुन्हा बसून दुसऱ्यांदा परीक्षा देता येत नाही. सबब, परीक्षेस बसणाऱ्या बहुसंख्य मुलांची निवड होणार नाही, हे शिक्षकाने पहिल्या दिवशीच स्वतःशी मान्य करावयास हवे. तयारी अशी हवी, की निवड न झालेल्या मुलाच्या पदरातही काही पडेल. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

याच सुमारास सैनिक शाळेच्या परीक्षेचीही चौकशी होते. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली. तिची प्रवेश परीक्षा निराळी असून सहावीसाठी ती ३०० गुणांची व अडीच तासांची असते. त्यांपैकी निम्मे, म्हणजे १५० गुण एकट्या गणिताचे असतात. भाषा, बुद्धिमत्ता व सामान्यज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात. २०२१ पासून सर्व सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश आहे. तेथे शुल्क भरावे लागते, हे पालकांना आधी सांगणे इष्ट.

खाजगी शाळांविषयी थोडेसे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची अथवा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत व पुढे प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. चार वर्षांच्या मुलाची मुलाखत घेऊ पाहणाऱ्या शाळेपुढे पालकाने हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. नवोदय विद्यालये व सैनिक शाळा मात्र त्याच कायद्यात विशिष्ट प्रवर्गातील शाळा म्हणून स्वतंत्र नमूद केलेल्या आहेत, व त्यांची निवड परीक्षेनेच होते.

माढ्यास नेलेले मूल

ग्रामीण जागेचा नियम पालकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो, आणि तो ठाऊक नसल्याने होणारे नुकसान भरून येत नाही. मुलाने तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केली असतील तरच ते ग्रामीण उमेदवार ठरते. या तीन वर्षांत नागरी क्षेत्रातील शाळेत एक दिवस जरी त्याचे नाव राहिले, तरी ते नागरी समजले जाते. मग ते राहावयास वाडीवर असो, की रानातील वस्तीवर असो.

आता आपल्या तालुक्याचा नकाशा पाहावा. कुर्डुवाडीस नगरपरिषद आहे. माढा येथे आता नगरपंचायत आहे. समजा, सीनेकाठच्या एखाद्या वाडीवर एक समंजस शेतकरी आहे. मुलगी हुशार आहे, चौथीपर्यंत गावच्या शाळेत पहिली आली आहे. "नवोदयची तयारी चांगली व्हावी" म्हणून तो तिला पाचवीला माढ्याच्या शाळेत घालतो, रोज मोटारसायकलने ने-आण करतो, प्रसंगी नातेवाइकांकडे ठेवतो. हेतू उत्तम, कष्टही खरे. पण त्या एका दाखल्याने मुलगी ६० जागांच्या रांगेतून उठून उरलेल्या थोड्या जागांच्या रांगेत जाऊन बसली. ही गोष्ट बापाला कळते ती अर्ज भरताना, ऑगस्ट महिन्यात. तेव्हा काहीच करता येत नाही.

म्हणून तिसरीच्या वर्गशिक्षकाने पालकसभेत हा नियम एकदा स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. मुलांना गावच्याच शाळेत अडकवून ठेवावे असा याचा अर्थ नव्हे. शहरातील शाळेत जाण्याची दुसरी चांगली कारणे असू शकतात. ज्या कारणासाठी पालक मुलाला हलवीत आहे, ते कारणच हलविण्यामुळे बाद होते आहे, एवढे त्याला ठाऊक असावे. आपले गाव कोणत्या सदरात येते याविषयी शंका असेल, तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, कारण हद्दी बदलत असतात.

दुसरी अडचण आपल्या शाळांच्या रचनेतून येते. पुष्कळ वाड्यावस्त्यांवरील जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीसाठी मूल शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाते. जूनमध्ये नवी शाळा, नवे गुरुजी आणि वर्गात दहा गावांची मुले. नव्या गुरुजींना मुलांची नावे पाठ होईतो ऑगस्ट उलटतो; परीक्षा जानेवारीच्या आसपास येते. ज्या शिक्षकाने चार वर्षे मुलाला ओळखले त्याच्याकडे ते मूल राहिलेले नसते, आणि ज्याच्याकडे आहे त्याची अद्याप ओळख झालेली नसते. केंद्रप्रमुखांनी मे महिन्यापूर्वी दोन्ही शाळांच्या शिक्षकांना एकदा समोरासमोर बसविले, तर ही फट बरीच बुजते. चौथीच्या शिक्षकाने दाखल्याबरोबर चार ओळींची टिपणी द्यावी: वाचन कसे आहे, भागाकार येतो किंवा नाही, घरी शिकविणारे कोणी आहे का, आणि आईवडिलांचा फोन क्रमांक. यास कोणत्याही आदेशाची आवश्यकता नाही.

ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. ज्या जिल्ह्याच्या विद्यालयात प्रवेश हवा, त्याच जिल्ह्यात पाचवीचे शिक्षण झालेले असावे लागते. कोयता हाती घेऊन दिवाळीच्या आसपास कुटुंब येते, तेव्हा अर्जाची मुदत बहुधा संपलेली असते. आपल्या तालुक्यातून बाहेर जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत मात्र शिक्षकाला काही करता येते. अर्ज विनाशुल्क असतो. तो कुटुंब निघण्यापूर्वी भरून घ्यावा आणि परीक्षेच्या तारखेस मुलाला कोण घेऊन येणार हे आजी-आजोबांशी बोलून ठरवून ठेवावे.

प्रश्नपत्रिका

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची व १०० गुणांची असते. मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न, गुण ५०, वेळ एक तास. अंकगणिताचे २० प्रश्न, गुण २५, वेळ अर्धा तास. भाषेचे २० प्रश्न, गुण २५, वेळ अर्धा तास. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीतून मिळते.

ही वाटणी नीट पाहिली की एक गोष्ट चटकन लक्षात येते. भाषेला अंकगणिताइतकेच गुण आहेत. परंतु शाळाशाळांतून तयारीचा वेळ कसा खर्च होतो हे पाहिल्यास बहुतेक वेळ आकृत्यांवर व गणितावर जातो. "मराठी तर येतेच" म्हणून भाषा बाजूस पडते. मराठी बोलता येते हे खरे. प्रश्न वाचण्याचा आहे.

भाषा

भाषेच्या भागात चार उतारे असतात व प्रत्येकावर पाच प्रश्न. अर्ध्या तासात चार उतारे म्हणजे एका उताऱ्यास साडेसात मिनिटे. जे मूल अक्षराला अक्षर लावीत उतारा एकदा वाचण्यातच चार मिनिटे घालविते, त्याला पाच प्रश्नांसाठी साडेतीन मिनिटे उरतात. त्यात दुसऱ्यांदा उतारा पाहण्यास सवड नसते, म्हणून ते अंदाजाने उत्तर देते. त्याला अर्थ कळत नाही असे नव्हे. गुरुजींनी तोच उतारा मोठ्याने वाचून दाखविला, तर ते पाचही उत्तरे बरोबर सांगते. कमी पडते ती वाचनाची गती, आणि गती डिसेंबरमध्ये शिकविता येत नाही. तिसरीपासून रोज दहा मिनिटे मूकवाचन, आठवड्यातून दोनदा मोठ्याने वाचन आणि वाचावयास पाठ्यपुस्तकाखेरीज काहीतरी, एवढ्याने ती येते. जुनी 'किशोर' मासिके, वर्तमानपत्राची पुरवणी, बी-बियाण्याच्या पिशवीवरील सूचना, एस. टी.चे वेळापत्रक, काहीही चालते.

दुसरा दोष हुशार मुलांतच अधिक आढळतो. पुढील उतारा पाहावा.

"उजनी धरण भीमा नदीवर आहे. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी येतात. उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून ते चिखलातील बारीक जीव व शेवाळ गाळून खातात. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की पळसदेव येथील बुडालेले जुने मंदिर उघडे पडते."

यावर प्रश्न असा विचारला: रोहित पक्षी उथळ पाण्यात काय खातात? पर्याय: मासे, बारीक जीव व शेवाळ, गवताचे बी, बेडूक. धरणाकाठच्या गावातील मूल "मासे" म्हणून मोकळे होते. त्याने धरणावर बगळे पाहिले आहेत, मासे धरणारी माणसे पाहिली आहेत, त्यामुळे उतारा न पाहता ते स्वतःच्या अनुभवातून उत्तर देते. अनुभव वाईट नव्हे. परंतु येथे प्रश्न उताऱ्याला विचारलेला आहे. ही सवय मोडण्याचा एक उपाय सोपा आहे. प्रत्येक उत्तराबरोबर "कोणत्या ओळीत?" असे विचारावे व मुलाने त्या ओळीवर बोट ठेवावे. महिनाभर हा परिपाठ ठेवला, की पुढे बोट न ठेवताही डोळा त्या ओळीकडे जातो. "मंदिर वर्षभर दिसते का?" यासारखे, उत्तर सरळ लिहिलेले नाही पण निघते, असे प्रश्नही अधूनमधून विचारावेत. अशा वेळी मुले आधी गोंधळतात आणि नंतर त्यांना त्यात गंमत वाटू लागते.

अंकगणित

अंकगणिताचा अभ्यासक्रम पाचवीपर्यंतच्या पुस्तकाहून फारसा निराळा नाही. पूर्ण संख्या, अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, मसावि-लसावि, मापने, नफा-तोटा, परिमिती व क्षेत्रफळ. शिक्षकाने ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की दिलेल्या चार पर्यायांपैकी तीन चुकीचे पर्याय बहुधा उगाच दिलेले नसतात. मूल जेथे चुकते तेथील उत्तर तेथे मांडून ठेवलेले असते. उदाहरणार्थ:

पाऊण किलो शेंगदाण्यांपैकी एक तृतीयांश भाग वापरला. किती किलो उरले? पर्याय: १/४, ५/१२, १/२, २/३.

उत्तर अर्धा किलो. पण इतर उत्तरांकडेही पाहावे. १/४ लिहिणाऱ्याने वापरलेले दाणे काढले व तेथेच थांबला. त्याला गणित येते, त्याने प्रश्न शेवटपर्यंत वाचला नाही. ५/१२ लिहिणाऱ्याने पाऊण किलोतून किलोचा एक तृतीयांश वजा केला. "पैकी" या शब्दाचा अर्थ त्याला लागला नाही. २/३ लिहिणाऱ्याने किती भाग उरला ते सांगितले, किती किलो ते सांगितले नाही. तिघांचे उत्तर चूक, पण तिघांना तीन निरनिराळ्या गोष्टी शिकवावयाच्या आहेत. वहीवर नुसती फुली मारल्याने तिघांपैकी कोणालाही काही कळत नाही. सराव प्रश्नपत्रिका तपासताना 'किती चुकले' याऐवजी 'कोणते चूक उत्तर निवडले' याची नोंद ठेवली, तर आठवड्याच्या आत वर्गाची खरी दुखणी समजतात. वीस प्रश्नपत्रिका सोडवून घेण्यापेक्षा पाच अशा रीतीने तपासणे अधिक फलदायी आहे.

अंदाजाची सवयही अशीच मोलाची. ४.९८ × २० यास ९.९६, ९९.६, ९९६ व ८९.६ असे पर्याय असल्यास लांबलचक गुणाकार मांडण्याची गरज नाही. पाच विसे शंभर, शंभरापेक्षा किंचित कमी हवे, ९९.६ एवढेच बसते. बाजारात भाव करणाऱ्या आईबापांची मुले हे तोंडी सहज करतात. कागदावर आले की मात्र बिचकतात, कारण शाळेत आपण त्यांना 'रीत मांडा' एवढेच सांगत आलो आहोत. रीत हवीच, पण उत्तर साधारण किती यावे हे रीत मांडण्यापूर्वी एकदा विचारावे.

लसावि-मसाविमधील गोंधळ शब्दांच्या साहाय्याने सुटत नाही, चित्राने सुटतो. एक बस दर १२ मिनिटांनी व दुसरी दर १८ मिनिटांनी सुटते. आठ वाजता दोन्ही बरोबर सुटल्या, तर पुन्हा बरोबर केव्हा सुटतील? कित्येक मुले ६ हा मसावि काढून "आठ वाजून सहा मिनिटांनी" लिहितात. फळ्यावर दोन ओळी मांडाव्यात: १२, २४, ३६ आणि १८, ३६. आठ वाजून सहा मिनिटांनी एकही बस सुटत नाही, हे पाहिल्यावर मूल स्वतःशीच हसते. ती चूक सहसा पुन्हा होत नाही.

आकृत्या

मानसिक क्षमता चाचणीचे पालकांना फार भय वाटते, व त्या भयावर खाजगी मार्गदर्शिकांचा धंदा चालतो. वेगळी आकृती ओळखणे, जुळणारी आकृती शोधणे, अपुरी आकृती पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका, समसंबंध, त्रिकोण-चौरस-वर्तुळ पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, तुकडे जोडून होणारी आकृती आणि लपलेली आकृती, असे दहा प्रकार व प्रत्येकी चार प्रश्न, असा हा भाग आहे. प्रकार ठरलेले असल्याने त्यांची ओळख करून देणे अवघड नाही.

बुद्धिमापनाचा उगम कसा झाला हे या ठिकाणी आठवणे उद्बोधक आहे. १९०५ मध्ये पॅरिस येथे आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमोन यांनी पहिली श्रेणी तयार केली, ती हुशार मुले वेचून काढण्यासाठी नव्हे, तर शाळेत मागे पडणाऱ्या व विशेष साह्याची गरज असलेल्या मुलांचा शोध घेण्यासाठी. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोट्यांचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. निवडीचे काम या कसोट्यांकडे मागाहून आले. चाचणीत कमी गुण मिळालेल्या मुलास "तुला डोकेच नाही" असे म्हणणाऱ्या शिक्षकाने बिनेला उलटे टांगले असे समजावे.

या भागास पुस्तकापेक्षा साहित्य अधिक उपयोगी पडते, आणि तेही फुकटचे. घडीच्या प्रश्नांसाठी वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे व बाभळीचा काटा पुरे. कागदाची एकदा उभी व एकदा आडवी घडी घालावी, काट्याने एक भोक पाडावे आणि उलगडण्यापूर्वी मुलांना विचारावे: भोके किती व कोठे? मुलांनी पाटीवर काढून दाखवावे, मग कागद उलगडावा. चार भोके निघतात. पण ती कडेला पडतात की मध्याशी, हे घडी कोणत्या बाजूस होती यावर अवलंबून असते, व मुले तेथेच चुकतात. आठ-दहा कागद फाडून झाले, की पुस्तकातील चित्र त्यांना चित्र वाटत नाही, कागद वाटतो.

आरशाच्या प्रश्नांसाठी दाढीचा लहान आरसा पुरे. बाजूस उभा धरलेला आरसा डावे-उजवे बदलतो, वर-खाली बदलत नाही. तीनचे घड्याळ आरशात नऊचे दिसते. पाण्यातील प्रतिबिंबात मात्र वर-खाली बदलते. हे दोन्ही मुलांनी स्वतः पाहिले पाहिजे. नियम म्हणून पाठ करविल्यास ऐन वेळी उलटे आठवतात. लपलेल्या आकृतीसाठी खिडकीच्या काचेवर अथवा तेलकट कागदावर रेषा गिरवून घ्याव्यात. एवढे साहित्य द्विशिक्षकी शाळेतही जमते. किंबहुना तेथे तिसरी-चौथीची मुलेही शेजारी बसलेली असतात व न सांगता शिकून जातात.

घड्याळ आणि वर्तुळ

उत्तरे उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ काळ्या किंवा निळ्या बॉलपेनने भरून द्यावयाची असतात. पेन्सिल चालत नाही, एकदा भरलेले उत्तर बदलता येत नाही. चौथीपर्यंत पेन्सिलीने लिहिणाऱ्या, खोडरबर हाताशी असणाऱ्या मुलाला ही शिस्त नवी असते. एक वर्तुळ चुकून पुढच्या ओळीत गेले, की त्यामागची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात. येणारी उत्तरे चुकीची ठरतात आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. यासाठी दिवाळीनंतर प्रत्येक सराव चाचणी पेनाने व वर्तुळांच्या कागदावरच घ्यावी. दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा क्रमांक व वर्तुळाचा क्रमांक ताडून पाहण्याची सवय लावावी. छापील कागद नसेल तर वहीत वाटीने किंवा नाण्याने वर्तुळे काढून घेता येतात.

वेळेचा हिशेब मुलांना त्यांच्या भाषेत सांगावा. एका प्रश्नाला दीड मिनिट. एका आकृतीशी सहा मिनिटे झुंजलास, तर एका सव्वा गुणापायी चार प्रश्नांचे पाच गुण डावावर लावलेस. न सुटणारा प्रश्न सोडून पुढे जाणे हे हट्टी व हुशार मुलांना फार जड जाते. चुकीच्या उत्तरास गुण कापत नसल्याने शेवटची पाच मिनिटे राखून, उरलेल्या प्रश्नांतील उघड चुकीचे पर्याय वगळून एक वर्तुळ भरावे. एकही जागा कोरी ठेवू नये.

पाचच मुले निवडावीत का

शाळेत तीस मुले असताना त्यांतील पाच 'नवोदयची' म्हणून वेगळी बसविण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. शिक्षकाची अडचण समजण्यासारखी आहे. वेळ थोडा, मुले अनेक, आणि गावाला निकाल हवा. तरीही ही रीत टाळावी असेच म्हणावे लागते. पहिले कारण व्यावहारिक आहे: जुलैमध्ये निवडलेली पाच मुलेच जानेवारीत पहिली पाच असतील असे नाही. नऊ-दहा वर्षांच्या वयात मूल सहा महिन्यांत ओळखू येईनासे होते. दुसरे कारण असे, की वर आलेल्या कामापैकी वाचन, अंदाज, चुकीच्या उत्तराचा शोध, कागदाच्या घड्या, यांतील कोणती गोष्ट उरलेल्या पंचविसांना नको आहे? वर्गाच्या नेहमीच्या तासांतच हे काम बसते. स्वतंत्र शिकवणी हवी ती केवळ शेवटच्या दोन महिन्यांत, सराव चाचण्यांपुरती, व तीही अर्ज भरलेल्या सर्वांसाठी.

घर सोडून निवासी शिकवणीत दाखल होणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलांविषयी पालकांना स्पष्ट सांगावे. वर्षभराची शाळा बाजूस ठेवून रात्रंदिवस आकृत्या सोडविणारे मूल परीक्षेत निवडले गेले नाही, तर त्याचे ते वर्ष गेले. शिवाय ती शिकवणी शहरात असली व शाळेचा दाखलाही तिकडे नेला, तर ग्रामीण जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, तो वर सांगितलाच आहे.

निकालानंतर

ज्यांची निवड होत नाही त्यांच्या घरी निकालाच्या दिवशी शिक्षकाने जावे, निदान फोन करावा. मुलाला वाटते आपण नापास झालो. जागा ८० होत्या, नापास कोणालाच केलेले नाही, हे त्याला आईबापांसमोर सांगण्याची आवश्यकता असते. कारण पुष्कळदा तो शब्द घरीच उच्चारला जातो. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही मातृभाषा, गणित व बुद्धिमत्ता हे विषय असल्याने केलेली तयारी तेथे जशीच्या तशी कामी येते.

आणि ज्यांची निवड होते, त्यांच्याही तयारीचा एक भाग शिल्लक असतो, ज्यावर कोणतीही मार्गदर्शिका नाही. आजवर आईच्या कुशीत झोपलेले मूल पोखरापूरच्या वसतिगृहात ८० मुलांत झोपणार असते. पहिल्या महिन्यात रडून घरी परत आलेली मुले गावोगाव आहेत. परीक्षेतील गुणांची त्यांच्याजवळ उणीव नसते. म्हणून मे महिन्याच्या सुटीत पालकांनी मुलाला स्वतःचे कपडे धुण्यास, अंथरूण घालण्यास, वेणी घालण्यास, ताटात वाढलेले संपविण्यास शिकवावे. चार दिवस मामाच्या गावी एकटे राहू द्यावे. पुढे नववीत काही मुलांना एक वर्षासाठी हिंदी भाषक प्रांतातील विद्यालयात जावे लागते, हेही आताच सांगून ठेवावे. पेटीत काय भरावयाचे याची यादी विद्यालयाकडून मिळते. प्रत्येक कपड्यावर नाव मात्र आईने धाग्याने घालावे, शाईने लिहिलेले दोन धुण्यांत जाते.